कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, त्या रॅपमध्ये तासन्‌तास ऐकण्यासारखं असतं तरी काय. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते. सगळ्या रॅपबद्दल नाही, एकाच अल्बमबद्दल: अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय', मार्च २०१५ मध्ये आलेला. सोळा गाणी आहेत, जवळजवळ ऐंशी मिनिटांची.

आई, यात शिव्या आहेत आणि भरपूर आहेत, हे आधीच सांगते. तरी त्या गाळून ऐकू नकोस. दहावीच्या मुलांना रसग्रहण शिकवताना तू फळ्यावर सगळ्यात आधी लिहायचीस: 'कवितेत कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय?' मी या अल्बमला तोच प्रश्न विचारला आणि तो उलगडत गेला. शिव्याही कुणाच्या तोंडच्या आहेत, हे त्याच प्रश्नाने कळतं.

पहिलंच गाणं घे, 'वेस्लीज थिअरी'. पहिल्या कडव्यात एक पोरगा बोलतो. त्याचा नुकताच मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झालाय आणि पैसे आले की काय काय घ्यायचं याचे बेत तो करतोय. दुसऱ्या कडव्यातही 'मी'च आहे, पण बोलणारा बदललाय. तो आहे अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं सरकार. घर घे, गाडी घे, उधारीवर घे, म्हणतो. पस्तिशीच्या आत सगळं वसूल करीन. वेस्ली म्हणजे वेस्ली स्नाइप्स, तो नट. करविवरण न भरल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती आणि २०१० साली तो तुरुंगात गेला. हे माहीत नसेल तर ते कडवं नुसती बढाई वाटतं.

याच गाण्यात जॉर्ज क्लिंटनचा आवाज आहे. सत्तरच्या दशकातला फंक संगीताचा हा म्होरक्या. पुढे नव्वदच्या दशकात लॉस एंजेलिसच्या रॅपवाल्यांनी त्याच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून आपली गाणी बांधली. त्या भागातलं कॉम्प्टन हे केंड्रिकचं गाव. त्याचा जन्म १९८७ चा, म्हणजे तो हीच गाणी ऐकत मोठा झाला. त्याने रेकॉर्डमधला तुकडा न घेता म्हाताऱ्या क्लिंटनलाच बोलावलं. 'हाऊ मच अ डॉलर कॉस्ट'च्या शेवटी रोनाल्ड आयझ्‌ली गातात, तेही त्याच पिढीचे. बास थंडरकॅटचा, सॅक्सोफोन कमासी वॉशिंग्टनचा, पियानो रॉबर्ट ग्लास्परचा. ही सगळी जॅझमध्ये मुरलेली मंडळी. बाबा, 'फॉर फ्री?' हे दोन-सव्वादोन मिनिटांचं गाणं तुम्ही नक्की ऐका. पियानो आणि ड्रम धावत असतात आणि केंड्रिक शब्दांनी त्यांच्या लयीशी झुंजतो. जुगलबंदी ऐकलेल्या कानाला इंग्रजी कळलं नाही तरी चालेल.

'किंग कुंटा'मधला कुंटा म्हणजे ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स' या कादंबरीतला कुंटा किंटे. गँबियातून पकडून आणलेला हा गुलाम पुन्हा पुन्हा पळतो, म्हणून त्याचं पाऊल तोडतात. त्याच्या नावापुढे 'किंग' लावून, सगळ्यांना माझे पाय तोडायचेत, असं म्हणत केंड्रिक नाचवणारं गाणं करतो. ठेका असा की पाय थांबत नाहीत, आणि गाणं तर पाय तोडण्याचं. मला हे फार भारी वाटतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय ते 'यू'. किंकाळीने सुरू होतं. हॉटेलच्या खोलीत एक माणूस आरशातल्या स्वतःला फैलावर घेतोय. मध्येच दारावर टकटक होते, खोली साफ करणारी बाई बाहेरून हाका मारते, आणि नंतर त्याचा आवाजच बदलतो. दारू प्यायलेला, रडून चिरकलेला, मध्ये घोट घेतल्याचा आवाज. मित्र दवाखान्यात मरणाला टेकला होता आणि तू भेटायला न जाता फोनच्या पडद्यावर बोललास, असं तो स्वतःलाच सुनावतो. इथे सगळा राग 'तू'वर आहे, आणि तो 'तू' म्हणजे गाणारा स्वतः. पुढे याच्या जोडीला 'आय' नावाचं गाणं येतं, स्वतःवर प्रेम करण्याचं. तेच एकटं आधी ऐकलं असतं तर वरवरचं वाटलं असतं. 'यू'नंतर मात्र त्यातला प्रत्येक शब्द कमावलेला वाटतो.

सगळंच मला पटतं असं नाही. 'द ब्लॅकर द बेरी'त तो गोऱ्यांच्या द्वेषावर तुटून पडतो आणि शेवटच्या ओळींत स्वतःलाच ढोंगी म्हणतो: गोळी घालून मारलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या पोरासाठी रडलो, पण टोळीयुद्धात आपल्यापेक्षाही काळ्या माणसाला मारलं. निःशस्त्र पोराचा खून आणि टोळ्यांची मारामारी एका तराजूत घालणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तेव्हा तिकडेही बऱ्याच जणांनी हा आक्षेप घेतला. इथे बोलणारा केंड्रिक स्वतः की त्याने उभं केलेलं पात्र, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आई, मला तुझं मत हवंय. शिवाय मोहाला लूसी हे बाईचं नाव देणं (लूसी म्हणजे लूसिफर, सैतान) मला खटकतं. बायकांच्या बाजूने खरं बोलते ती रॅप्सडी ही रॅपर, 'कॉम्प्लेक्शन'मध्ये. बारा वर्षांची असताना तिला स्वतःचा रंग फार काळा वाटायचा, ते ती सांगते. तिचं एकच कडवं आहे, पण ते मला पाठ आहे.

आता मुख्य गोष्ट. गाण्यांच्या मध्ये मध्ये केंड्रिक संगीताशिवाय एक कविता म्हणतो. आधी एक-दोनच ओळी, आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करून थोडी पुढे नेतो. बाबा, कीर्तनकार बुवा आख्यान सांगता सांगता मूळ अभंगाच्या चरणावर परत येतात, तसं. 'मला आठवतं, तुझी घालमेल चालली होती' अशी तिची सुरुवात आहे, आणि हे तो कुणाला सांगतोय ते कळत नाही. आपल्यालाच सांगत असेल असं वाटतं.

'मॉर्टल मॅन' या बारा मिनिटांच्या शेवटच्या गाण्यात कविता पुरी होते आणि कळतं, की तो ती टुपाक शकूर या रॅपरला वाचून दाखवत होता. टुपाक १९९६ साली लास वेगासमध्ये गोळ्या लागून गेला, पंचविसाव्या वर्षी. त्याच्या १९९४ च्या एका रेडिओ मुलाखतीतली उत्तरं घेऊन केंड्रिकने मध्ये आपले प्रश्न बसवलेत. आठ वर्षांचा असताना कॉम्प्टनमध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने टुपाकला चित्रीकरण करताना पाहिलं होतं. टुपाक एका ठिकाणी म्हणतो, की हे रॅप आम्ही करतच नाही, आमचे मेलेले दोस्त आमच्या तोंडून आपल्या गोष्टी सांगतात. आई, तुझ्या फळ्यावरच्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मग केंड्रिक त्याला सुरवंट आणि फुलपाखराचा मजकूर वाचून दाखवतो. वस्तीतला जगायला धडपडणारा जीव म्हणजे सुरवंट, त्याच्या आतली कला म्हणजे फुलपाखरू, आणि सुरवंट त्या कलेलाच बाजारात बसवायला निघतो; अल्बमचं नाव त्यावरूनच आहे. तुझं यावर काय मत, असं तो विचारतो. उत्तर येत नाही. तो हाका मारतो आणि अल्बम संपतो.

बाबा, टुपाकची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत होती. १९७१ साली न्यूयॉर्कच्या खटल्यातून ती निर्दोष सुटली, तेव्हा तो तिच्या पोटात होता. पुढच्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी त्याच पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर काढली. तेव्हा तुम्ही नायगावात राहायचात. त्या दिवसांबद्दल तुम्ही आम्हाला दोन-चार वाक्यांपलीकडे कधी सांगितलं नाहीत. मीही कधी नीट विचारलं नाही, आता विचारते. सभांना गेला होतात का? भाषणं कुणाची ऐकलीत? घरी आजी काय म्हणायच्या?

धाकट्याला सांगून गाणी तुमच्या फोनवर घालून घ्या, आणि क्रम बदलू नका, नाहीतर कविता तुटेल. एका दिवशी तीन-चारच ऐका. 'यू' रात्री झोपायच्या आधी नको. आई, अर्थासाठी मी शब्द वेगळे लिहून पाठवतेय, समासात तुझ्या लाल पेनाला जागा सोडली आहे. बाबांनी रविवारी सवडीने फोन करावा, नायगावचं सगळं ऐकायचंय.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
माई