ध्यानकुटी डिसेंबरसाठी नको, आषाढासाठी बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या रस्त्याला हल्ली रिसॉर्टचे बोर्ड वाढलेत आणि त्यात आता 'मेडिटेशन हट' हा नवीन प्रकार सुरू झालाय. खानापूर तालुक्यात ज्यांची मालकीची जमीन जंगलाला लागून आहे असे साधे शेतकरी पण काजूच्या बागेत एक छोटी लाकडी कुटी बांधू म्हणायला लागलेत, घरच्यांनाही बसायला होईल आणि चार पाहुणे आले तर पैसेही मिळतील. कल्पनेला माझा विरोध नाही, पण डिझाईन सगळे मोबाईलवर बघून करतात, आणि ते फोटो कुठले तर एकतर परदेशातले नाहीतर डिसेंबरातले. मोठ्ठी काच, सपाट छप्पर, जमिनीलगत फळ्या. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीत त्याच्या कितीतरी पट, तिथं असली कुटी किती टिकणार सांगा. एका ठिकाणी तर दुसऱ्याच पावसाळ्यात फळ्यांना बुरशी आणि खांबाला वाळवी बघितली, आणि आता तिथं खताची पोती ठेवलीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कुटी पावसाचा विचार करून बांधा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

सुरुवात छपरापासून करा. पत्रा स्वस्त पडतो, मान्य, पण आषाढात पत्र्याखाली डोळे मिटून बसून बघा, डोक्यावर ताशा वाजतोय असं वाटतं, मग कसलं ध्यान आणि कसलं काय. कौलंच पाहिजेत, आणि खानापूरच्या मातीची कौलं आपल्याकडं मिळतात की, लांब कशाला जायचं. कौलाखाली फळ्यांची तक्तपोशी केली तर आवाज अजून कमी होतो आणि वानरांनी एखादं कौल फोडलं तरी पाणी थेट डोक्यावर येत नाही (वानरं फोडणारच, ते धरूनच चाला आणि दोन डझन कौलं जादाची आणून ठेवा). उतार ३० अंशांच्या खाली नको. वळचण चारी बाजूंनी निदान ३ फूट बाहेर काढा, म्हणजे खोली ८ बाय ८ फुटांची असली तर छप्पर १४ बाय १४ चं होतं. लोकांना हे विचित्र वाटतं, एवढीशी खोली आणि एवढं छप्पर, पण झड आत येऊ नये म्हणून दुसरा उपाय नाही. आता एवढ्या छपराला तीनशेच्या वर कौलं लागतात, एक कौल अडीच-तीन किलोचं धरलं तर नुसत्या कौलांचं वजन ९०० किलोच्या आसपास जातं, त्यात ती भिजली की अजून जड. त्यामुळं बारीक वाशांवर आणि तीन इंची खांबांवर हे काम करू नका, मेस्त्री म्हणेल तेवढी जाडी ठेवा, तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

दुसरं म्हणजे लाकूड मातीला लागता कामा नये. जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा तो काय शोभेला नव्हता, वाळवी जमिनीतून मातीची नळी करत वर चढते आणि दगडावर ती नळी लगेच दिसते, झाडून टाकता येते. कुटीची आतली जमीन २ फूट उंच घ्या, खालून मोकळी ठेवा, वारा फिरतो, जनावर (साप म्हणतोय मी) लपलं तरी वाकून बघता येतं. सागाचा नुसता गाभा टिकतो, कडेचं पांढरं लाकूड साग असलं तरी वाळवी खाते, ते घेताना बघून घ्या. माझ्या मते नवीन सागापेक्षा जुन्या घराचं लाकूड बरं, बेळगाव, शहापूरकडं जुनी घरं पाडतात त्यातल्या तुळया चांगल्या वाळलेल्या असतात, आता वाकायच्या-फुटायच्या नाहीत, फक्त आतले खिळे आधी काढून घ्यायचे, नाहीतर करवतीचं पातं गेलंच म्हणून समजा. बांबू वापरणार असाल तर तोडल्यावर वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवा, आतली साखर-स्टार्च निघून जाते आणि भुंगा कमी लागतो. आणि जळकं इंजिन ऑईल फासू नका हो, वर्षभर वास जात नाही! काजूच्या टरफलाचं तेल चंदगडकडं मिळतं, ते लावा, पण फक्त खालच्या बाजूला आणि हातमोजे घालून, कातडी भाजते त्यानं.

खिडकीचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अडीच फुटाच्या आसपास असतो, आणि आपण खिडकी काढतो तीन-साडेतीन फुटांवर, मग बसल्यावर दिसते नुसती भिंत. दीड फुटावरून सुरू करा. पश्चिम आणि नैऋत्य बाजू बंद, तिकडूनच पाऊस मारतो, दार पूर्वेला. काच नकोच, पावसाळ्यात आतून घाम धरते, लाकडी झडपा आणि डासाची जाळी पुरे. वीज पण नको असं मला वाटतं, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

जागेचं मात्र ज्याचा त्याचा प्रश्न नाही. आपल्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, १९० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यात किंवा कुठल्याही वनजमिनीत स्वतःच्या मनानं खांब रोवायचा नाही, १९८० चा वनसंवर्धन कायदा त्यासाठीच आहे. मालकीच्या जमिनीतला साग असला तरी तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते, कन्नडमध्ये अर्ज लिहायला येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या पण द्या. आणि संध्याकाळी तिथं एकटं बसायची हौस करू नका, अस्वलाला तुमचं ध्यान कळत नाही. उन्हाळ्याआधी कुटीभोवतीचं वाळलेलं गवत-पाला काढून जाळरेषा (वणवा कुटीपर्यंत येऊ नये म्हणून मोकळा पट्टा) घ्या, उदबत्ती तर आतमध्ये लावूच नका. नुसतं शांत बसायचंय आणि एवढा खर्च झेपत नसेल तर मलप्रभेकाठी असोग्याचं देऊळ आहे, हब्बनहट्टीचा मारुती आहे, तिथं कोण तिकीट मागत नाही.

संपादक साहेब, एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत घरांचे फोटो छापता तसं एकदा आपल्या भागातल्या म्हाताऱ्या सुतार मेस्त्रींना गाठून वळचण, तळखडा, तुळई यांची मापं चित्रासकट छापा. हे काम येणारी माणसं आता कमी राहिलीत आणि त्यांची पोरं ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायला लागलीत.

आपला एक वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव