चार बोटांचा फरक

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "नाव घालू नको, नाहीतर लोक फाटक्या काईटी घेऊन रात्रीअपरात्री दार वाजवतात." (काईट म्हणजे फळीवर उभ्या माणसाला वाऱ्यावर पाण्यातून ओढत नेणारा मोठा, फुगवायचा पतंग, हे न माहीत असणाऱ्यांसाठी.) गोव्यातल्या मोरजीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. हे पत्र खरं तर मार्चमध्येच लिहायला हवं होतं. तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच पान भरलं, कारण आधीच्या लोकांचा राग निघत राहिला. या वेळी तो थोडक्यात काढते. अजिबात काढत नाही असं मात्र म्हणणार नाही.

मी कोल्हापूरची, बँकेत कॅशवर बसणारी, ४३ वर्षांची बाई. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकले त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली. मोरजीशेजारच्या आश्व्याला सुट्टीत गेले असताना समुद्रावर त्या रंगीत काईटी पाहिल्या आणि डोक्यात किडा शिरला. कोर्स केला, सामान स्वतःचं घ्यायचं ठरवलं, आणि मग सुरू झालं: नवीन घ्यायचं की वापरलेलं?

याच्यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. एक पक्ष म्हणतो, नवशिक्याने जुन्याला हातच लावू नये, जिवाशी खेळ आहे. दुसरा म्हणतो, शिकताना काईट शंभर वेळा पाण्यावर आपटणारच, मग लाखाची वस्तू आपटण्यापेक्षा चाळीस हजारांची आपटावी. दोघांचंही ऐकताना पटतं. दोघेही मला पहिला प्रश्न एकच विचारायचे, "बजेट किती?"

एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेले. विकणारा मुलगा पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याशी बोलला. नवरा बिचारा चप्पल घालूनसुद्धा वाळूत पाय ठेवायला कुरकुरतो. त्याला हा मुलगा विचारतोय, "मॅडमना झेपेल ना?" पूर्ण नवा सेट दोन लाख ऐंशी हजार, आणि काईट नऊ मीटरची, म्हणजे नऊ चौरस मीटर कापडाची. नऊच का? तर दुकानात नऊच शिल्लक होती. गोव्याच्या उन्हाळ्यातल्या बारा-पंधरा नॉटच्या वाऱ्यावर माझ्या वजनाची नवशिकी बाई नऊ मीटर घेऊन पाण्यात नुसती उभी राहते, ओढ पुरत नाही, हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच माहीत असणार.

मग दुसऱ्या टोकाला गेले. सीझन संपत आला होता, किनाऱ्यावरचा एकजण घरी परतायच्या घाईत होता. बारा मीटरची काईट, बार म्हणजे ती हाताळायचा दांडा, दोऱ्या, पंप, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. "एकच सीझन वापरलीय," म्हणाला आणि फार गोड हसला. बावीस वर्षं मी नोटा हाताळते. खोटी नोट बोटाला कळते मला. माणसाच्या हसण्यावर असं काही वॉटरमार्क नसतं, त्याला कोण काय करणार.

पुढचे आठ दिवस, काका, तुम्हाला सांगितले नव्हते तसे आज सांगते. दुपारी दोन-अडीचला वारा धरायला लागला की मी शापोरा नदीच्या मुखापाशी उभी. काईट वर जायची, डोक्यावर यायची आणि मग जणू तिला चक्कर यावी तशी मागे सरकत सरकत पाठीवर पाण्यात. पुन्हा उठवायची, पुन्हा तेच. किनाऱ्यावरून लोक ओरडून सांगायचे, "बार ओढू नका! बार सोडा!" मी सोडलेलाच असायचा. मी सांगायची की सोडलाय. ते मान हलवायचे, ज्या मानेचा अर्थ असतो की असं सगळेच म्हणतात. एकाने तर बाजूच्याला सांगितलं, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, की या वयात हाताला ते जजमेंट येत नाही. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "सेकंडहँड घेतलंत ना? मग आता आम्ही काय करणार."

आठव्या दिवशी खोलीवर जाऊन रडले. कोल्हापूरच्या बाईने हे लिहायचं म्हणजे जरा जडच जातं. पण रडले, आणि सामान विकून टाकायचं ठरवलं. विकायचं तर हवा धरली पाहिजे आणि एक व्हॉल्व्ह गळत होता, एवढ्याचसाठी कुणीतरी मला तुमच्याकडे पाठवलं.

तुमच्या अंगणात शाळेच्या खाकी पँटी वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी कुणाची तरी गुलाबी काईट. आत तेच एक शिलाई मशीन दोन्हींचं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "वजन किती तुझं?"

बायकांना विचारू नये असा प्रश्न. पण वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पाकिटाऐवजी माझ्याबद्दल विचारलं होतं. चौसष्ट, म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, मग बारा मीटर ठीक आहे, इथल्या वाऱ्याला. रामेश्वरमला नेलीस तर उडून जाशील, तिथला वारा वेगळा.

मग तुम्ही काईटचं कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून कानाशी नेऊन चुरगाळलंत. मला एकदम माझ्या काउंटरवर बसल्यासारखं वाटलं. आम्ही अगदी असंच करतो. कोरी नोट कशी कडकड वाजते आणि दहा वर्षं फिरलेली नोट जुन्या लुगड्यासारखी गप्प होते. काईटचंही तेच म्हणे. उन्हाने कापड मरतं, आवाज जातो, मग एक दिवस कागदासारखं फाटतं. माझी काईट मधलीच निघाली. एका सीझनची नक्की नाही, तीन-चार तरी. "पण मेलेली नाही," तुम्ही म्हणालात. व्हॉल्व्हचा डिंक सुटला होता, कारण ती कुणीतरी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवत असणार. ते चिकटवायचे तीनशे रुपये सांगितलेत.

मी तीनशे काढले, तुम्ही काम करून दिलंत, व्यवहार तिथे संपला होता. मी निघायला हवं होतं, तुम्ही मला निघू द्यायला हवं होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "विकतेस कशाला?"

मी सगळं सांगितलं. मागे सरकते, पडते, माझ्या हाताला ते जमत नाही, वय झालं.

तुम्ही काही बोलला नाहीत. बार उचललात, चारी दोऱ्या अंगणभर उलगडल्यात आणि त्यांची टोकं नेऊन कुंपणाजवळच्या माडाच्या हुकात अडकवलीत. आणि इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. तुम्ही स्वतः बार धरून मला निदान सांगू शकला असतात, पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी बार माझ्या हातात दिलात. "ओढून धर. सारखा. आता बघ."

मी ओढला आणि बघितलं. कडेच्या दोन दोऱ्या ताठ, मधल्या दोन सैल. तुम्ही माडापाशी जाऊन सैल दोऱ्यांवर हात ठेवलात, मोजलंत आणि तिथूनच हात वर करून मला दाखवलात. चार बोटं.

मधल्या दोऱ्यांवर काईटचा सगळा भार असतो, म्हणून त्या वर्षानुवर्षं ताणून लांब होतात. कडेच्या दोऱ्या फक्त वळवायच्या, त्यांना एवढं ओझं नाही, त्या जवळपास होत्या तेवढ्याच राहतात. म्हणजे मी बार पूर्ण सोडला तरी काईटला वाटत होतं मी तो ओढूनच धरलाय. बिचारी त्याप्रमाणे मागे कलंडत होती. आठ दिवस मी खरं बोलत होते आणि ते दोरीत लिहिलेलं होतं.

तुम्ही माडापासून परत आलात आणि म्हणालात, "बाय, तुजा कायेक चुकूक नाय."

काका, तेव्हा मी खाली बघून दोरी गुंडाळायचं नाटक केलं. तुम्हाला कळलं असेल. काकू चहा घेऊन येत होत्या त्यांना तुम्ही हाताने "थांब जरा" अशी खूण केलीत, ती मी पाहिली. दोन मिनिटं त्या दारात कप धरून उभ्या राहिल्या. त्या दोन मिनिटांचे आभार त्यांनाही.

मग तुम्ही कडेच्या दोऱ्यांच्या गाठी एक-एक घर बाहेर सरकवल्यात. झालं. दुरुस्ती एवढीच. मी पैसे विचारले तर म्हणालात, "दोरी ओढायचे पैसे कसले? मग विहिरीवर पण मीटर बसवायला लागेल." दुसऱ्या दिवशी दुपारी काईट वर गेली आणि वरच राहिली. मी पाण्यातून तीस-चाळीस मीटर उभी गेले असेन. मोजायला कुणी नव्हतं आणि मला मोजायचंही नव्हतं.

लोक आता मला विचारतात, नवीन घेऊ की जुनं, आणि मी तुमचंच ज्ञान स्वतःचं म्हणून खपवते. बोर्ड कुणाचाही चालतो, पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू जिथे बसतात तिथे तडा नसला की पुरे. काईट तीन वर्षांची चालेल, पण वाजली पाहिजे. आणि फुगवून निदान दोन-तीन तास तशीच ठेवून बघायची, विकणाऱ्याला घाई असली तर घाई का ते विचारायचं. हार्नेस, म्हणजे काईट अडकवायचा कमरेचा पट्टा, स्वतःच्या मापाने नवा.

बारबद्दल मात्र तुम्ही ऐकून घेतलं नव्हतंत. मला डोळे मिटून क्विक रिलीज, म्हणजे संकटात काईटपासून सुटायची बारवरची कळ, दहा वेळा ढकलायला लावलंत, ओसरीवर बसून, शेजारची पोरं हसत होती. सातव्या वेळी ते अडकलं. मी जोर लावला, अडकलंच. वाळू आणि मीठ बसलं होतं, शिवाय ते फार जुन्या धाटणीचं होतं. "अंगणात अडकलं तर चहा गार होतो," तुम्ही म्हणालात, "पाण्यात अडकलं तर?" पुढचं बोलला नाहीत. नंतर मी माझ्या सवयीने कागदपत्रं शोधली, तेव्हा कळलं की या सुटकेच्या यंत्रणेसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ नावाचं वेगळं मानकच आलं आहे. किती जोर लावल्यावर ते सुटलंच पाहिजे, आत वाळू शिरल्यावरही चाललं पाहिजे, हे तपासण्यासाठी. बँकवाल्या बाईला परिपत्रक सापडलं की जीव भांड्यात पडतो. मी नवा बार घेतला. महाग पडला, दिवाळीचा बोनस त्यात गेला, आणि एकदाही हळहळले नाही.

त्या व्यवहारात तुम्हाला दमडी मिळाली नाही हेही सांगते, कारण नवा बार तुम्ही विकत नाही. उलट माझं सामान विकायला काढलं असतंत तर मधले दोन-चार हजार तुमचे होते. आमच्या लक्ष्मीपुरीत एक भाजीवाली मावशी आहे, ती मला कधीकधी म्हणते, "आज मेथी नको नेऊ, उद्या ये." तिची मेथी तशीच पडून राहते आणि ती तरीही म्हणते. अशी माणसं काय खातात कुणास ठाऊक. कॅशला बसून मी रोज पाचशे माणसांचे हात बघते आणि मला वाटायचं आपल्याला माणसं कळतात. मला नोटा कळतात. माणसं कळायला माडाला दोरी बांधावी लागते बहुतेक.

त्या गोड हसणाऱ्या गृहस्थांवर माझा आता फारसा राग नाही. काईट ठीक निघाली शेवटी. त्या "या वयात" म्हणणाऱ्यावर मात्र आहे आणि तो मी जपून ठेवलाय, कारण वारा कमी असला की उपयोगी पडतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही निघताना पिशवीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने लिहिलं होतंत, "६४ किलो. १२ ते १८. वर गेला वारा तर चहा." पावसाळ्यात घरी पिशवी पुसताना ती पट्टी निघायला लागली होती, म्हणून वरून पारदर्शक टेप मारलीय. आकडा बदलायला हवा, सदुसष्ट झालेय, पण ते समक्ष बोलू.

जानेवारीत येतेय. काकूंना कांदालसूण चटणी आणतेय, दोन किलो, गेल्या वेळी त्या तिखट चालेल म्हणाल्या होत्या त्याचा त्यांना पश्चात्ताप होईल. माडाचा तो हुक काढू नका. नव्या बारच्या दोऱ्यांचा एक सीझन झाला, त्या बघायच्या आहेत. या वेळी बार तुम्ही धरा, माडापाशी मी जाते.

तुमची,
कोल्हापूरची कॅशवाली