नावांचे मूळ शोधायला हवे

बाळाचे नाव ठरवताना हल्ली सारी भिस्त मोबाइलवर असते. तिथे जवळजवळ प्रत्येक नाव संस्कृत ठरते. ‘विहान’ म्हणजे पहाट, हे खरेच संस्कृत. पण ‘कियारा’चे मूळ इटालियन, त्यामागे लॅटिन ‘क्लारा’, म्हणजे तेजस्वी. तिला ओढूनताणून संस्कृत का करायचे?

परक्या मुळात कमीपणा नाही. शहाजी, शरीफजी ही भोसले बंधूंची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असे सांगतात. गावोगावच्या हैबतरावांतला ‘हैबत’ अरबी, अर्थ दरारा. गुलाबरावांतला ‘गुलाब’ फारसी. ‘राव’ मात्र आपला. किती सुंदर जोड आहे ही!

आपल्या दैनिकाने भाषाअभ्यासकांकडून नावांच्या व्युत्पत्तीचे साप्ताहिक सदर लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा