सलाईन लावायच्या आधी कुत्र्याचं रक्त तपासा

संपादक साहेब, नमस्कार,

मी सेलू तालुक्यातला शेतकरी. आमच्या आखाड्यावर सहा वर्षं राखण करणारा काळ्या मागच्या पावसाळ्यात गेला. रक्त तपासायला उशीर झाला म्हणून गेला, हे मला अजून पचत नाही.

आधी दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, अंग नुसतं तापलेलं, मग हिरड्या पांढऱ्याफट पडल्या अन् लघवी काळ्या चहासारखी. जवळच्या दवाखान्यात नेलं तर कावीळ म्हणून सलाईन, तीन दिवस तेच, रक्त कोणी घेतलंच नाही. चौथ्या दिवशी टेम्पोत घालून परभणीला नेलं. तिथं कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काचेवर पसरवला, रंग दिला आणि थोड्याच वेळात सांगितलं, बबेसिया आहे, म्हणजे लाल पेशी फोडणारा रक्तातला जंतू. मायक्रोस्कोपमधून मलापण दाखवलं, लाल पेशीत जोडीजोडीनं बसलेले, एका टोकाला निमुळते जंतू. पण तोवर अंगात रक्तच राहिलं नव्हतं.

कुत्र्यावरच्या एकाच तपकिरी गोचिडीमुळं बबेसिया होतो, पांढऱ्या पेशीत शिरणारा एर्लिकियापण होतो, अन् कुत्र्यानं गोचीड चावून गिळली तर हेपॅटोझून हा तिसरा जंतू, कधी दोन आजार एकदमच. वरून ताप, अशक्तपणा सगळ्यात सारखाच, औषध मात्र वेगळं. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस देतात, तेवढ्यानं बबेसिया जात नाही. बबेसियातपण मोठ्या आकाराच्या जंतूला चालणारं इंजेक्शन गिब्सोनी नावाच्या बारक्या जंतूला नीट लागू पडत नाही. मग अंदाजानं सुई मारून कसं चालेल? आणि औषध सुरू केल्यावर काचेवर जंतू सापडणं अवघड होतं, म्हणून रक्त आधीच घ्यायला पाहिजे. काचेवर काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असंपण नसतं, एर्लिकिया तर क्वचितच दिसतो, तिथं प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजाव्या लागतात, झटपट तपासणीचं किट किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करावी लागते. किटमधे अँटीबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध अंगानं बनवलेली प्रथिनं, बघतात, त्यामुळं जुनं इन्फेक्शनपण पॉझिटिव्ह येऊ शकतं.

पशुसंवर्धन खात्याला माझी कळकळीची विनंती, तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात काचा, गिम्सा स्टेन (काचेवर द्यायचा रंग) आणि चालू मायक्रोस्कोप द्या. आपल्या जर्सी गाईंचा थायलेरिया, म्हणजे गोचीड-तापाचा जंतूपण याच काचेवर दिसतो, म्हणजे खर्च फक्त कुत्र्यासाठी नाही. परभणी अन् उदगीरला व्हेटर्नरी कॉलेज आहेत, ट्रेनिंगला लांब जायची गरज नाही.

आणि कुत्रं पाळणाऱ्यांनो, हिरड्या फिक्या दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना म्हणा, साहेब, आधी रक्ताची काच करा.

— एक शेतकरी, सेलू तालुका, जि. परभणी