घाटउतारावर गाडी मोकळी सोडणाऱ्या इको मोडबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर उतारावर इंजिन ब्रेकिंग (पाय उचलल्यावर इंजिनानेच गाडीचा वेग आवरणे) न मिळणे व ब्रेक अकाली झिजणे

महोदय,

आपली १.५ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरची ड्युअल क्लच (आपोआप गिअर बदलणारी) गाडी निवडताना विचार साधा होता : ओव्हरटेकला जोर हवा आणि रोज चालवायला परवडायलाही हवी. वर्षभर गाडीने हा मेळ उत्तम घातला. मागच्या सर्व्हिसला आपल्या अधिकृत वर्कशॉपने गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर अपडेट केले, तेव्हापासून तो बिघडला आहे.

आता इको आणि नॉर्मल या दोन्ही मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की क्लच सुटतो, इंजिन ८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास येते आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. सपाटीवर याचा फायदा होतो, हे मान्य. कुडाळ-कणकवली महामार्गावर टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजले, तर ॲव्हरेज लिटरला १६.४ किमीवरून १७.१ झाले.

घाटात मात्र हिशेब उलटतो. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद होतात. चाकेच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. क्लच सुटला की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे उतारावर आपला इको मोडच जास्त पितो, आणि वेग आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडते. आंबोलीहून सावंतवाडीत उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. १३०० किलोच्या गाडीसाठी पाचशे मीटरचा हिशेब केला, तरी ही ऊर्जा पावणेदोन युनिट विजेइतकी भरते. आधी तिचा मोठा वाटा इंजिन सोसत होते, आता ब्रेकच्या डिस्क आणि पॅड सोसतात.

पुढच्या पॅडची जाडी अपडेटच्या दिवशी जॉबकार्डवर ८ मिमी नोंदली आहे. ४,२०० किमीनंतर डावीकडे ३.५ आणि उजवीकडे ४ मिमी उरली. डिस्कवर निळसर झाक आली आहे, बाहेरच्या कडेवर बोट फिरवले तर कंगोरा लागतो. दाणोलीला पोचेपर्यंत चाकांकडून जळका वास येतो. पॅड बदलून हा प्रश्न सुटत नाही. ब्रेक तापले की त्यांतले डॉट ४ दर्जाचे ऑइलही तापते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलेले १५५ अंशांनाही उकळू शकते. ते उकळले की पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. आंबोलीच्या पावसात, धुक्यातल्या वळणावर हे घडले तर काय होईल, याचा विचार आपण करावा.

वर्कशॉपचे लेखी उत्तर ‘ड्रायव्हिंग स्टाईल’ एवढेच आहे. ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, टायरची हवा तीच ३३ पीएसआय. बदलले फक्त सॉफ्टवेअर. तोंडी सल्ला मिळाला, ‘घाटात स्पोर्ट मोड लावा.’ स्पोर्ट मोड उतारावर गिअर धरतो हे खरे, पण चढावर विनाकारण चार हजार आरपीएम ठेवतो. आजऱ्यामार्गे कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांत त्याने ॲव्हरेज १०.४ वर आणले. अपडेटपूर्वी नॉर्मलमध्ये याच रस्त्यावर १४.८ होते. स्टीअरिंगमागच्या पॅडलने (हाताने गिअर बदलायच्या पट्टीने) तिसरा गिअर घेतला, तर दहा सेकंदांत गाडी तो सोडून देते. प्रत्येक वळणाआधी पॅडल ओढत बसणे हा उपाय नव्हे.

उपाय अवघड नाही. चढावर गाडी मागे घसरू न देणाऱ्या हिल होल्डसाठी गाडीत उतार ओळखणारा सेन्सर आधीच आहे. ठरावीक उतारापलीकडे, किंवा ब्रेक लागताच, क्लच जोडलेला राहील असा बदल सॉफ्टवेअरमध्ये करावा. नवा सुटा भाग लागणार नाही. तो होईपर्यंत जुने सॉफ्टवेअर परत घालून द्यावे. पुढच्या डिस्क व पॅड विनामूल्य बदलावेत आणि ब्रेक ऑइल नवे भरावे. याच अपडेटच्या इतर ग्राहकांनाही उतारावरील बदल लेखी कळवावा. अपडेट करताना त्याबद्दल एक शब्दही सांगितला गेला नव्हता.

जॉबकार्डची प्रत, पॅडच्या मोजमापाचे फोटो आणि पेट्रोलच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

आपला ग्राहक,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग