ओसरीवरच्या टेबलापाशी बसणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही ही तुमचीच अट, ती पाळून हे आभाराचं पत्र लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्या ज्या घरात कुणाची पदवी अडून बसली होती, तिथे हे पत्र कुणाला आहे ते बिननावाचंही कळेल.

डी. सी. पावटे कुलगुरू होते त्या काळात तुम्ही धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात कारकून म्हणून लागलात आणि परीक्षा विभागातून उपकुलसचिव होऊन निवृत्त झालात. पेन्शन सुरू झाल्यावर बेळगावला परत येऊन अडलेल्या पदव्या-दाखल्यांची वाट दाखवायला ओसरीवर टेबल मांडलंत, त्यालाही आता पाव शतक होत आलं. फी नाही, पाटी नाही. चहा मात्र प्यावाच लागतो.

आलेल्या माणसाला तुम्ही आधी साल आणि शाखा विचारता. नवख्याला ते चमत्कारिक वाटतं, पण अर्धं काम तिथेच होतं. आपल्या भागातल्या कॉलेजांचं विद्यापीठ बदलत गेलेलं आहे. आधी मुंबई. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ निघालं आणि कॉलेजं धारवाडकडे गेली. पुढे एकेक शाखा सुटी झाली. वैद्यकीय १९९६ मध्ये बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, इंजिनिअरिंग १९९८ मध्ये बेळगावातल्याच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडे, कायदा २००९ मध्ये हुबळीकडे, आणि कला, वाणिज्य, विज्ञान २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. १९९२ ची बी.ए. असलेला माणूस जवळ पडतं म्हणून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या भूतरामनहट्टीच्या आवारात जातो, रांगेत उभा राहतो आणि हात हलवत परततो. त्याचं रेकॉर्ड धारवाडला. बदलाच्या वर्षांतल्यांसाठी तुमचा नियम सोपा: अंदाज करू नका, शेवटच्या मार्क्स कार्डाच्या माथ्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते वाचा, तिथेच अर्ज करा.

दुसरा प्रश्न रजिस्टर नंबरचा. निकालाची जुनी लेजरं नावावर लावलेली नसतात. परीक्षेचा हंगाम आणि रजिस्टर नंबर यांवर लावलेली असतात. ‘१९८७ ला पास’ एवढंच लिहिलेला अर्ज म्हणूनच पडून राहतो. एप्रिल-मे की ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे कारकुनाला कळल्याशिवाय तो कपाट कुठलं उघडणार? नंबर हरवलेल्याला तुम्ही आधी कॉलेजात पाठवता, दाखल्याची स्थळप्रत आणि जनरल रजिस्टर बघायला. मूळ पदवी गहाळ झाली असेल तर पोलिस ठाण्याची पोच, स्टँप पेपरवर नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, उरलेल्या सगळ्या मार्क्स कार्डांच्या प्रती आणि फी भरल्याचं चलन, या क्रमाने एका लाल टॅगमध्ये ओवून. स्टेपल नाही. छाननीत कागद सुटे करताना कोपरा फाटतो आणि नेमका नंबर कोपऱ्यात असतो. बारीक गोष्ट, पण ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कोपरे फाटलेले पाहिलेत त्यालाच ती सुचणार.

नावांचं प्रकरण याहून किचकट, आणि खरे आभार त्यासाठी. मराठीत आपण ‘हलगेकर’ म्हणताना मधला ‘अ’ गिळतो. कन्नडमध्ये तो पुरा उच्चारला जातो. कन्नड हजेरीवरून इंग्रजी स्पेलिंग लिहिलं की ‘एल’च्या पुढे एक ‘ए’ जास्त येतो. शाळेत एक, आधारवर दुसरं, पदवीवर तिसरं. त्यात मार्क्स कार्डावर आद्याक्षरं आणि महाराष्ट्रातल्या फॉर्मवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी मांडणी. लोक पदवी दुरुस्त करायला धावतात आणि अर्ज फेटाळला जातो, कारण विद्यापीठ पीयूसीकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीकडे बघतं, पीयूसी एसएसएलसीकडे, म्हणजे दहावीकडे, आणि एसएसएलसी शाळेच्या प्रवेश रजिस्टरकडे. तुम्ही उलटे निघता: मुख्याध्यापकांकडून रजिस्टरचा उतारा, त्यावर एसएसएलसीची दुरुस्ती, मग पीयूसी, शेवटी पदवी. वेळ लागतो, महिने जातात, पण परत फिरावं लागत नाही. नुसतं एखादं अक्षर पुढेमागे असेल आणि नोकरी देणारा ऐकणारा असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं, एवढंही तुम्ही सांगता. उगाच कुणाला धारवाडच्या बसमध्ये बसवत नाही. ‘बेळगाव’चं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झालं, म्हणून जुना दाखला बदलून घ्यायला निघालेल्यांना तर तुम्ही दारातूनच परत पाठवलंत.

कोल्हापूर-पुण्याला शिकायला जाणारी मुलं जून-जुलैत येतात. मायग्रेशन सर्टिफिकेट जुन्या विद्यापीठाचं आणि पात्रता प्रमाणपत्र नव्या विद्यापीठाचं, ही दोन वेगळी कामं आहेत हे निम्म्यांना ठाऊक नसतं. प्रवेश तात्पुरता मिळतो, मुलगा वर्गात बसतो, परीक्षाही देतो, आणि निकालाच्या दिवशी कळतं की पात्रता पूर्ण नाही म्हणून निकाल राखून ठेवलाय. मूळ मायग्रेशन देण्याआधी दोन झेरॉक्स, आणि दिल्याची पोच सहीशिक्क्यानिशी. परदेशी जाणाऱ्यांना तुमची ताकीद वेगळी: पदवी लॅमिनेट करायची नाही. उठावाचा शिक्का दबतो, आणि साक्षांकनाचा शिक्का प्लास्टिकवर मारता येत नाही. भिंगाखाली पदवी तिरपी धरून तो उठाव तुम्ही बोटाने चाचपून बघता, मगच ‘चालेल’ म्हणता.

तुम्ही कुणाचाही अर्ज स्वतः लिहून दिला नाहीत. खुणा करून दिल्यात, पण लिहायला त्यालाच लावलंत. आणि शिफारशीचा फोन कधीच केला नाहीत, तोही अशा कचेरीत जिथे तुमच्या हाताखाली शिकलेले लोक साहेब झाले होते. सुरुवातीला आमच्यातल्या काहींना त्याचा राग येई. एका फोनचं काम, काकांना काय जड होतं? आता लक्षात येतं की फोनवर झालेलं काम फाइलवर दिसत नाही, आणि पुढच्या पडताळणीत फाइलच बघतात. त्यापेक्षा टपाल शाखेत अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि पुढच्या वेळी तोंडाने नाव न सांगता तो क्रमांक सांगा. माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्याकडे अगदी शेवटी येतो. दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे खरं. पण ज्याने आपली फाइल शोधायची त्यालाच पहिल्या दिवशी नोटीस दिल्यासारखं होतं, हे तुमचं मत. आमच्यात यावर अजून एकमत नाही.

आणि भाषा. तुमचं शिक्षण मराठीत, नोकरी कन्नड आणि इंग्रजीत. सीमाप्रश्नावर तुमची मतं ठाम आहेत, तीही मराठी माणसाला आवडतील अशीच. तरी खिडकीवर गेल्यावर दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलायची, हे तुम्ही प्रत्येक पोराला घोकून घ्यायला लावलंत. पलीकडचा कारकूनही घाईत असतो, त्याला आपलं म्हणणं लवकर कळावं, इतकाच हिशोब. मोर्चा वेगळा, खिडकी वेगळी.

हल्ली डोळ्यांनी साथ सोडली आहे, भिंग घेऊनही जुनं कार्बन प्रतीतलं मार्क्स कार्ड लागत नाही, असं परवा म्हणालात. म्हणून ठरवलंय की शनिवारच्या बैठकीला आमच्यातलं कुणीतरी टेबलाच्या पलीकडे बसेल, वाचून दाखवेल, यादी करेल. तुम्ही फक्त ऐकायचं आणि चुकलं तिथे थांबवायचं. कुठल्या सालचं रेकॉर्ड कुठे, याचा तुमच्या डोक्यातला तक्ता वहीत उतरवायला घेतलाय. वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगची पानं झाली, शेतकीचं पान अडलंय: १९८६ मध्ये धारवाडला कृषी विद्यापीठ वेगळं झालं, त्याच्या आधीच्या वर्षांचं तुम्ही सांगाल तसं लिहू. येत्या शनिवारी तेवढं एक पान पुरं करू या.

आपले,
सीमाभागातले काही शिक्षक, कॉलेजांच्या कचेऱ्यांतले कारकून आणि माजी विद्यार्थी