दिव्यांग तपासणीसाठी डॉक्टरांनी घरी यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांची पेन्शन रखडली, कार्ड मिळाले नाही, अशा बातम्या आपल्याकडे येत असतात. पण मुळात वैद्यकीय तपासणीपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि किमान ८० टक्के दिव्यांगत्व लागते. ८० टक्के म्हणजे कित्येकदा असा माणूस, ज्याला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. आणि ते ८० टक्के ठरवून घ्यायला त्यानेच रुग्णालयात हजर व्हायचे. करमाळ्याकडचा असेल तर सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. तालुक्याला शिबिरे होतात, पण त्याने सोय होते ती चालत्या-फिरत्यांची. अंथरुणावरच्याला पाच किलोमीटर काय आणि शंभर काय.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, झालेला एक तरुण मुलगा आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि फेरतपासणी आली ती ऐन एप्रिलात. घर माडीवर, जिना लोखंडी आणि अरुंद. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून छातीपाशी टॉवेलने बांधले, मान कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. मामा खालच्या बाजूने उलट्या पावलांनी उतरत होता. रिक्षात खुर्ची मावेना, मग वडिलांनी त्याला मांडीवर आडवे घेतले. मी सोबत होते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताटकळताना त्याला लघवीला लागली, आणि ते सगळ्यांदेखत उरकावे लागले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट तपासले. पण वडिलांची मजुरी बुडाली, आईचे हजारी विड्यांचे काम पडून राहिले, आणि घरी आल्यावर पोरगा मला म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी मला नेऊ नका. पेन्शन नाही मिळाली तरी चालेल."

मी स्वतः परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. त्या दिवशी काय तपासले ते मला कळत होते. गोनिओमीटरने सांधे किती वाकतात ते मोजले, हाताने दाब देऊन स्नायूंची ताकद पाहिली, जुने रिपोर्ट चाळले. यातले काय घरी होत नाही? सगळे एका पिशवीत मावते. श्रवणदोषाच्या तपासणीला यंत्रे आणि आवाजबंद खोली लागते, बुद्ध्यांकाच्या चाचणीला वेगळी बैठक लागते, त्यांचा आग्रह मी धरत नाही. पण अस्थिव्यंग, पक्षाघात, मणक्याची इजा, स्नायूंचे आजार यांची तपासणी रुग्णाच्या खाटेशी बसून होऊ शकते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये जवळपास आरोग्यसेवा, अडथळा नसलेली रुग्णालये आणि तपासणीत प्राधान्य, हे शासनाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. घरी जाण्याची सवयही शासनाला नवी नाही. २०२१ साली अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन कोरोनाची लस दिली. २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांपैकी ज्यांनी मागणी केली, त्यांच्या घरी पथक गेले, मत गुप्त राहील अशी व्यवस्था केली, चित्रीकरणही केले. मत घ्यायला घरापर्यंत येणारी यंत्रणा तपासणीसाठी येऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

बोगस प्रमाणपत्रांची भीती सांगितली जाते. ती खोटी नाही. पण घरी गेलेल्या डॉक्टरांना खाट दिसते, संडासापर्यंतचे अंतर दिसते, कोण भरवते ते दिसते. फसवणूक तिथे जास्त अवघड. हवे तर चित्रीकरण करा.

डॉक्टर कमी आहेत ही अडचण मात्र खरी आहे. ब्रिटनमध्ये दिव्यांग भत्त्याच्या तपासणीसाठी घरभेट मागता येते, आणि तिथे परिचारिका व फिजिओथेरपिस्टही ही तपासणी करतात. आपल्याकडे प्रमाणपत्रावर सही सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचीच लागते, ती तशीच राहो. पण मोजमापे फिजिओथेरपिस्टने आधी घेऊन ठेवली तर तज्ज्ञांचा वेळ वाचेल. कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे हे आशाताईंना माहीत असते. त्यांची यादी, 'रुग्णाला हलवणे शक्य नाही' असा प्राथमिक आरोग्य केंद्राचा दाखला, आणि प्रत्येक तालुक्यासाठी महिन्यातला एक ठरलेला दिवस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरतानाच घरभेटीची मागणी नोंदवता आली पाहिजे. आणि ज्याचा आजार सुधारणारा नाही, त्याला कायमचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे, ती वापरावी. स्नायू दरवर्षी झिजत असताना पोराला मुदतीचे प्रमाणपत्र कशासाठी?

जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग यांनी एकत्र बसून पुढचा उन्हाळा लागण्याआधी निदान एका तालुक्यात आणि शहराच्या पूर्व भागात हे सुरू करावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनीही तोंडी न सांगता लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कागदावर मागणीच नसेल तर उद्या 'अशी मागणी कोणी केलीच नाही' असे उत्तर मिळेल.

आपली,
एक वाचक, सोलापूर